चाळीस मजल्यांचा वाद

मी जुन्नरच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. पुण्याहून टपालाने येणारं वर्तमानपत्र कागदीचाचांच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे असे. चाचा हातकागद बनवायचे. ऐकायला शेजारचा म्हातारा गवंडी येई.

एकदा बातमी आली, अमेरिकेत चाळीसहून जास्त मजल्यांची इमारत उभी राहिली. गवंड्याने ती आधी खोटी ठरवली, आणि लगेच याहून उंच इमारत आता कुठे व्हावी यावर दोघांची जुंपली. गवंडी म्हणे पुण्यात; त्याचा मुलगा तिथे बांधकामावर होता. मी मुंबईचं नाव काढलं, तर दोघेही माझ्यावर घसरले. चाचांचं म्हणणं, जुन्नरातच. दगड इथला, चुना इथला, आणि गच्चीवर कागद वाळवायला वारा किती मिळेल!

तीन दिवस हेच चाललं. मग गवंड्याने हिशेब मांडला. मजल्याला वीस पायऱ्या धरल्या, तर लेण्याद्री पंधराएक मजले भरते. आधी तेवढं चढून बघू, मग बोलू.

रविवारी सकाळी निघालो. पहिल्या शंभर पायऱ्या भांडत चढलो. पुढे भांडायला दम उरला नाही. वर पोचल्यावर चाचा भिंतीला टेकून बसले. घाम पुसत म्हणाले, "पुण्यातच बांधा, भाऊ. तुमचा पोरगा तिथं हाय."

"छे, मान जुन्नरचा," गवंडी म्हणाला. "आमी मधी येणार न्हाई."

दोघे इतक्या उदारपणे ती इमारत एकमेकांना देऊ लागले, की मला राहवेना. बातमीतली शेवटची ओळ मला नीट उमगली नव्हती, म्हणून वाचताना मी ती गाळली होती. ती आता सांगून टाकली. तिथले लोक पायऱ्या चढतच नाहीत. यंत्राचा पाळणा त्यांना वर ओढून नेतो.

गवंडी म्हणाला, "मास्तर, हे खाली सांगायचं व्हतं."

इमारतीचा विषय त्यानंतर निघाला नाही. वर्तमानपत्र मात्र मला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, केसांच्या तेलाच्या जाहिरातींसकट वाचावं लागे, आणि पान उलटलं की चाचा शांतपणे विचारत, काही राहिलं तर नाही ना.