चीफचा कान

आमच्या चीफइतका तयार कान मी गाण्याच्या बैठकीतही पाहिलेला नाही, आणि गंमत म्हणजे चीफना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून ते सिंगापूरला आमच्या कंपनीत जहाजांच्या दुरुस्त्या बघायला आले. बोटीवर चीफ इंजिनियर होते, म्हणून ऑफिसातही सगळ्यांचे चीफच राहिले. माणसांचं बोलणं त्यांना अर्धंमुर्धं ऐकू येई, यंत्रांचं मात्र सगळं. हौगांगला माझ्या फ्लॅटवर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बूट काढायच्या आधी दारातूनच म्हणाले, "अरे, तुझ्या फ्रिजचा पंखा घासतोय." बायकोने वाढलेली पुरणपोळी ताटात निवत राहिली आणि चीफ फ्रिजमागे पालथे. माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, रिलॅक्स ला, फ्रिज इज ओके!" दोन दिवसांनी फ्रिज बंद पडला. तेव्हापासून ती त्यांच्याकडे ज्या आदराने बघते, तसं माझ्याकडे तिने आजवर कधी बघितलेलं नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ते डोळे मिटून बसत. शेजारच्यांना वाटे, बाबा झोपले. उतरताना मला सांगत, "मागच्या डब्याचं एक चाक गोल राहिलेलं नाही."

त्या शुक्रवारची हकिगत मी घरी अजून अर्धीच सांगितली आहे. एका जहाजमालकाची बोट आम्ही वेळेत दुरुस्त करून दिली होती. तो खूश होऊन आम्हा दोघांना 'मजा दाखवतो' म्हणून घेऊन गेला. चीफना वाटलं, सीफूड. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. लिफ्ट तळघरात उघडली तेव्हा समोर मखमली पडदे, पाऊल बुडेल असा गालिचा, मंद सोनेरी उजेड, आणि मधोमध छतापर्यंत गेलेल्या चकचकीत खांबावर एक बाई, अंगावर नावापुरते कपडे, डोकं खाली आणि पाय वर करून गरगर फिरत होती. मी माझ्या ग्लासातला बर्फ मोजायला घेतला. चीफ मात्र सरळ बघत होते, एखाद्या मोठ्या पुलाकडे बघावं तसे. "एका हातावर सगळा भार घेतलाय रे," ते माझ्या कानात ओरडले. "चेहऱ्यावर आठी नाही! केवढी ताकद!" त्यांनी असं म्हटल्यावर मीही मान वर केली, आणि खरंच, तसं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. मान तिरकी झाली. ती मान माझ्या ओळखीची होती, यंत्र ऐकतानाची. "चीफ, बसा," मी म्हणालो, पण ते निघाले होते. छाती धडधडवणाऱ्या त्या संगीतातून टेबलं ओलांडत थेट मंचापाशी गेले आणि इंजिनरूमच्या आवाजात गरजले, "स्टॉप! कम डाऊन! नाऊ!" सुटातल्या दोन पहिलवानांनी त्यांचे दंड धरले. जहाजमालकाने माझ्याकडे असं पाहिलं, की माझी नोकरी, इथे राहायचा पास, फ्लॅट सगळं एका क्षणात गेलंच. संगीत थांबलं. मॅनेजर धावत आला. "वरचं बेअरिंग गेलंय, प्लेट सैल आहे," चीफ दंड न सोडवता त्याला शांतपणे सांगत होते.

ती बाई खांबावरून सावकाश खाली उतरली. धापा टाकत मॅनेजरला म्हणाली, "मी आठवडाभर सांगतेय, हा थरथरतो म्हणून. कुणी ऐकलं?"

शिडी आली. माणूस वर चढला, छतातली झाकणी काढली, आणि चारांपैकी दोन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून हातात घेऊन खाली आला. त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणी बर्फसुद्धा वाजवला नाही. पहिलवानांनी दंड सोडले. एकाने तर चीफच्या शर्टाची बाही नीट केली. ती बाई झगा पांघरून आली, चीफचा तेलाने काळवंडलेल्या नखांचा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली. चीफ म्हणाले, "वर जायच्या आधी रोज स्वतः ओढून बघत जा. दुसऱ्याच्या शब्दावर लटकू नकोस." मग आमच्याकडे वळून, "काही खायला मिळतं का रे इथे?"

मरीन परेडला चीफना सोडायला टॅक्सीने निघालो. मी भारावून काहीबाही बडबडत होतो. चीफ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "असाच आवाज एकदा क्रेनमधून आला होता. मी चहा पीत होतो. म्हटलं, एवढा संपवतो आणि बघतो. खाली आमचा फिटर काम करत होता." त्यांची बिल्डिंग आली. उतरल्यावर दार धरून त्यांनी मला त्या फिटरचं नाव सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं, स्पष्ट, एकेक अक्षर, आणि लिफ्टकडे चालू लागले.