स्टोव्हपाशी बोलायचं नाही

स्टोव्ह पेटवण्याआधी बाई त्याच्या पितळी टाकीवर पालथा हात ठेवायच्या. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ठेवते ना, अगदी तसा. क्षणभर डोळे मिटून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "थंडा हाये. आता कोनी बोलू नोका."

आणि खरंच कोणी बोलायचं नाही. भाजी चिरणारीचा हात थांबायचा, बाहेर पानावर बसलेले गाडीवानसुद्धा आवाज खाली आणायचे. टाकी गरम असताना तिच्यात घासलेट ओतायचं नाही, आणि पेटवणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही, हे बाईंच्या खानावळीचे दोन कायदे होते. बाकी कशालाही त्या हसून सोडून द्यायच्या.

अकोल्यात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांमागच्या गल्लीत ही खानावळ होती. हंगामात तिथे पाय ठेवायला जागा नसे. कापूस घेऊन आलेले शेतकरी, जिनातले कामगार, अडत्यांचे कारकून, सगळे तिथेच जेवायचे. बाईंचं माहेर हिवरखेडचं, भावांचे तिथे वांग्या-मेथीचे आणि झेंडूचे मळे. यजमान तरुणपणीच गेलेले. लोक त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे, मीही तेच म्हणायचे.

चुलीचा धूर बाईंच्या डोळ्यांना सोसत नसे. डोळे लाल व्हायचे, सुजायचे. म्हणून भाकरीपुरती तेवढी चूल आणि वरण, भाजी, चहा, तळण सगळं स्टोव्हवर. लहानमोठे असे काही स्टोव्ह होते. त्यातला सर्वांत मोठा होता त्याला बाई 'जावई' म्हणायच्या.

मी नवी असताना विचारलं, "बाई, याले जावई कावून म्हनता?"

"मंग काय म्हनू? याले पुसाव लागते, खाऊ घालाव लागते, वरून फुगवाव लागते. अन् तरी कवा भडकन त्याचा नेम नाई."

तुमच्यापैकी ज्यांनी पंप मारायचा स्टोव्ह कधी पेटवला असेल त्यांना हे सांगायला नको.

एकदा घरमालक आले. बाई नेमक्या जावयासमोर बसलेल्या. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट जळत होतं, आता पंप मारायचा. घरमालकांनी दारातूनच सुरू केलं, "काय बाई, पानी भरलं काय? ते छत गळते काय अजून? अन् आज भाजी कायची हाये?"

बाई गप्प. पंप चालू.

"अवो, बहिरी झाली काय तुमी?"

तरी गप्प. ज्योत आधी पिवळी उसळली, फरफरली, मग खाली बसून निळी झाली आणि एकसारखी घरघरू लागली. तेव्हा बाई उठल्या, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाल्या, "भरलं. गळते. वांग्याची. अन् बहिरी नाई झाली मी."

घरमालक त्या दिवशी वांग्याची भाजी खाऊनच गेले.

दुसऱ्या एका वेळी एका कारकुनाची नवी बायको हौसेनं मदतीला आली. अंगावर रेशमी लुगडं, पदर मोकळा, वेणीत गजरा. बाईंनी तिला दारातच थांबवलं. "लय सुंदर दिसून राह्यली तू. हे नेसून देवळात जाय, बाजारात जाय, सासूसमोर मिरव. इस्टोपाशी नोको येऊ." मुलगी हिरमुसली. मग बाईंनीच तिला आपलं जुनं सुती लुगडं दिलं, पदर कमरेला गच्च खोचून दिला, केस फडक्यात बांधले, आणि दिवसभर पापड लाटायला बसवलं.

मी बाईंकडे कशी आले ते सांगते. माझे यजमान जिनात कामाला होते. तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. मूलबाळ नव्हतं. भाऊ गावाकडे यायला म्हणत होता, पण भावजयीच्या चुलीवर आयुष्य काढायचं माझ्या जिवावर आलं होतं. यजमान कधीमधी ज्या खानावळीत जेवायचे तिच्या दारात जाऊन उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चौकशी केली नाही. "हात हायेत ना? मंग ये आत," एवढंच म्हणाल्या.

आत गेले आणि स्टोव्ह पाहून मागे सरले. आमच्या आळीतली एक लेकुरवाळी बाई स्टोव्हच्या भडक्यात गेली होती. तिची किंकाळी मी ऐकली होती. बाईंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता म्हणतील, घाबरू नकोस. तसं त्या म्हणाल्या नाहीत.

"भेव असू दे. भेव नसलेली बाई मले अथी चालत नाई. पन भेव कायचं हाये, ते डोयानं पाहून घे."

अमावास्येला बाजार बंद असे. त्या दिवशी बाई सगळे स्टोव्ह अंगणात घेऊन बसायच्या आणि एकेकाचा सांगाडा मोकळा करायच्या. मला समोर बसवून प्रत्येक तुकडा माझ्या हातात देत. पंपाच्या टोकाची कातडी वाळली की हवा धरत नाही, म्हणून ती गोडेतेलात भिजत घालायची. बर्नर राखेच्या पाण्यात उकळायचा, त्यातली काजळी सुटेपर्यंत. बर्नरच्या बारीक छिद्रात पिन घालायची ती सरळ. वाकडी घातली की छिद्र मोठं होतं आणि मग ज्योत एका अंगानं उसळते. टाकीत तेल काठोकाठ भरायचं नाही, हवेला जागा लागते. विझवायचा तर फुंकर नाही, ओलं फडकं नाही. चावी सैल करायची, हवा जाऊ द्यायची, आणि तो आपोआप शांत होईपर्यंत तिथून हलायचं नाही.

शेवटी चिंच आणि राख घेऊन पितळ घासायचं. मी एकदा कौतुकानं म्हटलं, "बाई, आरशावानी चमकून राह्यला."

"चमकाले नाई घासत, वं. मळक्या पितळेवर भेग दिसत नाई."

असं करत करत माझी भीती गेली नाही, पण शहाणी झाली. काही महिन्यांनी जावयासमोर मी बसू लागले. बाई पाठीशी उभ्या राहायच्या. त्या तिथे आहेत, एवढं पुरायचं.

ते लढाईचे दिवस होते. घासलेटासाठी रांगा लागायच्या, आणि मिळायचं त्यात पाणी मिसळलेलं असायचं. बाई ते फडक्यातून गाळून, मुरवून मगच वापरायच्या. नवा स्टोव्ह तर अमरावतीच्या बाजारातही मिळत नव्हता. पितळेची भांडीसुद्धा दुर्मीळ झाली होती. असलेलं जपायचं, असा काळ.

त्या हंगामात एका मोठ्या अडत्याच्या घरी लग्न निघालं. पाहुण्यांची सोय जवळच्या धर्मशाळेत होती आणि त्यांचा चहा-फराळ, जेवण, सगळं आमच्याकडे सोपवलं होतं. खानावळीला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. अडत्याचे कारकून, गाडीवान आमच्याकडेच जेवत. म्हणजे त्या घरावरच खानावळीचा निम्मा पसारा होता. आदल्या दिवशी आम्ही बायांनी गाणी म्हणत पुऱ्यांचं पीठ दळलं.

लग्नाच्या सकाळी मी जावयासमोर बसले. शेजारी कढई, परातीत कणीक. बाईंनी नेहमीसारखा टाकीवर हात ठेवला. मग त्यांचं बोट टाकीच्या बुडाच्या सांध्यावरून फिरत गेलं आणि एका जागी थांबलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"उठ पोरी."

"बाई, पाहुने येऊन बसले असतीन. तेल तापवाव लागन ना."

"उठ म्हनते ना."

मी उठले. त्यांनी स्टोव्ह दारात उजेडात आणला. सांधा कोरड्या फडक्यानं पुसला आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं तिथे केसाएवढी ओल पुन्हा चमकली.

तेवढ्यात अडत्याचे मुनीमजी धावत आले. डोक्यावर टोपी तिरपी, घामाघूम. "अवो बाई, तिकडे लोक चहासाठी ओरडून राह्यले! अजून पेटलं नाई?"

बाईंनी बोटानं ओल दाखवली.

मुनीमजी वाकून पाहत राहिले. "एवढंसं? साबन लावा ना. आमच्या घरचा साबनावरच चालते."

"चालते. मले बी मालूम हाये."

"मंग?"

"मंग हवा भरल्यावर साबन कवा सुटन, ते कोन सांगन? याच्याम्होरं ही पोरगी बसते."

मुनीमजींनी माझ्याकडे पाहिलं, रिकाम्या कढईकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. शेठसमोर त्यालाच उभं राहायचं होतं. त्यानं टोपी काढली, कोट काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या सारल्या. "मंग मी बसतो. आना साबन. मी मारतो पंप."

मला वाटलं, सुटलो. बाईही आता ऐकतील.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मुनीमजी, तुमच्या घरी कोन हाये?"

"कोन म्हंजे? माय हाये, बायको हाये, पोट्टे हायेत."

"मंग तुमी बी नोका बसू."

असं म्हणून त्या मागच्या पडवीत गेल्या आणि खड्डे खणायची लोखंडी सब्बल घेऊन आल्या. टाकीतलं घासलेट डब्यात ओतून घेतलं, स्टोव्ह अंगणातल्या दगडावर पालथा घातला आणि सब्बल उगारली. पहिला घाव सरकला, पितळ देवळातल्या घंटेसारखं वाजलं. पुढच्या घावाला टोक आरपार गेलं. जावई, ज्याला त्या इतकी वर्षं घासत-पुसत आल्या होत्या, एका अंगानं चेपून पडला.

"घ्या," बाई म्हणाल्या. "आता वादच नाई."

मुनीमजी कोट हातात घेऊन, न घालताच निघून गेले.

आम्ही चूल पेटवली. जळणाला कापसाची वाळकी पऱ्हाटी मिळेल तेवढी आणली आणि अंगणात विटा मांडून आणखी चुली केल्या. तरी चहा उशिरा गेला, पुऱ्या त्याहून उशिरा गेल्या, आणि तोवर निम्मे पाहुणे गावातल्या हॉटेलात खाऊन आले होते. शेठनं दुपारचं जेवण दुसरीकडून मागवलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचे कारकून आमच्याकडे यायचे बंद झाले, मग गाडीवानही. भर हंगामात आमची पानं रिकामी राहू लागली. आळीत लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलं. एका थेंबासाठी घरच बुडवलं.

तो स्टोव्ह फुटला असता की नाही, मला आजही माहीत नाही. कदाचित साबण टिकलाही असता. पुऱ्या तळल्या गेल्या असत्या, पाहुणे ढेकर देत गेले असते, आणि खानावळ वाढली असती. बाईंचं खरं होतं असं दाखवणारं पुढे काहीच घडलं नाही. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. ठाऊक नसतानाच त्यांनी ठरवलं होतं की माझा जीव पणाला लावायचा नाही. म्हणून मला ते जास्त मोठं वाटतं.

मी एकदा रडत म्हटलं, "बाई, माह्यापायी तुमचं एवढं नुकसान झालं."

"तुह्यापायी नाई. तठी कोनीबी असतं तरी उठवलंच असतं. रडू नोको, भाकर करपून राह्यली."

उरलेल्या स्टोव्हांवर भागत नव्हतं, म्हणून चुली वाढल्या. मी बाईंना धुरापासून दूर बसा म्हणायचे, त्या ऐकायच्या नाहीत. मला स्टोव्हकडे बसवून स्वतः चुलीपाशी जायच्या. डोळे सुजायचे, त्यावर दुधात भिजवलेल्या फडक्याची घडी ठेवून पुन्हा बसायच्या. हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. एक दिवस मुनीमजीही आले, मुकाट्यानं पान मांडून बसले. बाईंनी त्यांना वाढताना विचारलं, "माय बरी हाये?" ते म्हणाले, "बरी हाये." तेवढंच.

पुढे लढाई संपली. एका अमावास्येला आम्ही स्टोव्ह उघडून बसलो होतो. बाई एक टाकी डोळ्यांजवळ नेऊन, फिरवून फिरवून बघत होत्या. बराच वेळ. मग त्यांनी ती माझ्या मांडीवर ठेवली.

"पोरी, मले आता भेग दिसत नाई."

"मी पाह्यते ना बाई. तुमी नुसत्या बसून राहा."

"तसं नाई होत. मले दिसत नाई, अन् लोक मले इचारून पेटवतीन. हे बरं नाई." फडक्याला हात पुसून त्या म्हणाल्या, "भावाले निरोप धाडते. तू चालव आता. तुले येते."

मी खूप समजावलं. त्यांनी ठरवलं ते ठरवलं.

भाऊ वांग्यांची गाडी घेऊन अकोल्याच्या बाजारात आला आणि रिकाम्या गाडीतून त्यांना न्यायला दारात थांबला. त्या सकाळी मी बाईंना स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही. इतकी वर्षं त्या सर्वांच्या शेवटी, कोपऱ्यात उभ्या उभ्या जेवत आल्या होत्या. मी बाहेर पाट मांडला, गिऱ्हाईकांच्या पंगतीत त्यांना पहिल्या बसवलं आणि गरम भाकर ताटात वाढली. शेजारचे गाडीवान सरकून बसले.

बाईंनी पहिला घास घेतला.

"मीठ कमी हाये," त्या म्हणाल्या.

मी मीठ आणायला वळले तर त्यांनी माझा पदर धरला. "राहू दे. बस जरा अथी." आणि मी बसून राहिले, त्या सावकाश जेवत राहिल्या. बाहेर बैल मान हलवत होते, त्यांची घुंगरं वाजत होती. भाऊ दोनदा डोकावून गेला. कोणी घाई केली नाही.

जेवण झालं तसं त्या सवयीनं आपलं ताट उचलून धुवायला उठल्या. मी दुसरीकडून ताट धरलं. त्यांनी ओढलं, मीही सोडलं नाही. क्षणभर आम्ही दोघी तशाच, ताटाच्या दोन कडा धरून उभ्या.

मग बाई हसल्या, आणि त्यांनी हात सोडला.