विचारून सांगते

त्या सकाळी मी आणि बायको ओट्यावर बसून चिकू निवडत होतो. कुंपणापलीकडं शेजारची सून कपडे वाळत घालत होती. जागेच्या भांडणावरून त्या घराशी आमचं बोलणं बंद, पण ती बायकोशी हळूच बोलायची. बायकोनं चार चिकू पुढं केले.

"आईंना विचारून सांगते," ती म्हणाली. लग्न होऊन आशागडात आल्यापासून तिचं हेच. दुकानात साबण घेतानासुद्धा.

"श्वास कोणाला विचारून घेतेस गं?" बायको म्हणाली. सून हसली, पण चिकू घेतले नाहीत.

दुपारी बायको आडवी झाली ती उठली नाही. संध्याकाळी अग्नी देऊन आलो. मयताच्या घरात चूल पेटत नाही. सून डाळभाताचं पातेलं घेऊन आमच्याकडं निघाली, तशी मागून सासू ओरडली, "कोणाला विचारून चाललीस?"

"कोणाला नाय."

तिनं पातेलं माझ्यापुढं ठेवलं. "काका, गरम आहे तोवर खा." मी जेवलो. भूक लागली होती, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं घासून मी त्यांच्या अंगणात गेलो. सासूनं घ्यायला हात पुढं केला. मी सुनेला हाक मारली आणि पातेलं तिच्या हातात दिलं.