मामाच्या बाजूचा ब्रेक

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूर्णा गावच्या गोदामांसमोर रिक्षात अडकले होते. पुढे दोन कंटेनर एकमेकांना वाट द्यायला तयार नव्हते. आईचा आवाज नेहमीपेक्षा शांत होता. "मामा गेला गो बाय... च्या पिता पिता गेला." मी तिथेच हमसून रडायला लागले. रिक्षावाल्याने गाडी बाजूला घेतली, "क्या हुआ दीदी?" म्हणत समोरच्या टपरीवरून पाण्याची बाटली आणून दिली. त्या दिवशीचं रडणं खरं होतं, हे आधीच सांगून ठेवते. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वेगळं वाटायला नको.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. अर्धा जन्म ट्रक चालवला आणि नंतर काल्हेरला गाडी शिकवायचा क्लास काढला. आमच्याकडे शेतं गेली, गोदामं आली आणि दारोदारी गाड्या उभ्या राहिल्या, पण त्या चालवायला घरातला एखादाच पुरुष. बायका तीन-तीन गाड्यांच्या दारातून भाजीला चालतच जायच्या. मामाने त्यांना शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी तो सुनेबरोबर सासूलाही मागच्या सीटवर बसवायचा. गल्लीतून एक चक्कर झाली की सासूच म्हणायची, "शिकू दे तिला." त्याची छोटी पांढरी गाडी सगळं गाव ओळखायचं. क्लासच्या गाडीत असतात तसे त्याच्या पायाशीही जास्तीचे क्लच आणि ब्रेक होते. शिकणारी गोंधळली तर शिकवणाऱ्याला गाडी थांबवता यावी, एवढाच त्यांचा उपयोग. निदान मला तरी तेवढाच माहीत होता.

आठ वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे शिकायला गेले. दोन्ही पोरं लहान होती. बी.एड. होऊन मी घरी बसले होते आणि अंबाडीच्या पुढे, वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका आश्रमशाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा मला मिळाली होती. सकाळी सातला हजर व्हायचं. काल्हेरहून दोन वाहनं बदलून, शेवटी चालत, ते जमण्यासारखं नव्हतं. स्वतःची गाडी चालवता आली तरच. हेडमास्तर भले होते, जूनपर्यंत जागा ठेवतो म्हणाले. मी धावत मामाकडे गेले. तो म्हणाला, "महिन्याभरात शिकवतो. तू माझी भाची हायेस."

महिन्याचे तीन महिने झाले. माझी गाडी उठायचीच नाही. पहिला गिअर टाकायचा, क्लच सोडत आणायचा, गाडी जराशी हलायची आणि गचका खाऊन बंद. मागे ट्रकवाले हॉर्न मारून जीव नकोसा करायचे. "क्लच हलू सोर, बाय, हलू," मामा म्हणायचा. आवाजात कधी राग नाही. मी भाकऱ्या थापताना डाव्या पायाखाली पाट तिरका ठेवून टाच सावकाश उचलायची सवय करत होते. एवढं करूनही चौकात गाडी बंदच. "हात चांगला हाय तुझा," तो समजूत घालायचा, "डावा पायच ऐकत न्हाय, त्याला तू तरी काय करशील?" हळूहळू माझा डावा पाय सगळ्या नात्यागोत्यात थट्टेचा विषय झाला. हळदीत नाचायला उतरले तरी कुणीतरी ओरडायचं, डावा पाय सांभाळ! मीही हसायचे. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचे.

मग नवरा म्हणाला, आपण ऑटोमॅटिक घेऊ. क्लचच नाही, तर बंद काय पडणार? मला ते पटलं. हप्त्याचं बघू म्हणाला. पण मामाला विचारल्याशिवाय कसं घ्यायचं? विचारलं, तर तो ताटावरून उठला. "बिनक्लचच्या गारीत नुसतं बसायचं असतं, तिला चालवनं बोलत न्हाय. उद्या दुसऱ्याची गारी हातात आली मंग? भाचीला माझ्या गिअर जमला न्हाय, लोक काय बोलतील मना?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्यापुढे मी ऑटोमॅटिकचं नाव टाकलं. आणि गिअरची गाडी मामाला शिकवता आली नाही तर दुसरा कोण शिकवणार, म्हणून तेही सोडलं. जून आला तेव्हा मी हेडमास्तरांना फोन करून नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "मला गाडी येत नाही सर..." पावसाळ्यानंतर मी पूर्ण्याच्या एका गोदामात बिलिंगला लागले. आजही तिथेच आहे.

मामाच्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसली. मामाच्या आठवणी निघाल्या होत्या. ती हसतच म्हणाली, "तुझी गारी बंद पारून पारून त्याचा गुडघा दुखायचा. रोज बाम चोलायची मी."

मला कळलंच नाही. "कोणी बंद पाडून?"

"ह्यानीच. तू क्लच सोरलास की हा त्याच्या बाजूचा ब्रेक दाबायचा ना." माझा चेहरा बघून ती थांबली. "तुना ठाव न्हाय? मना वाटलं तुझ्या आईनं नंतर सांगलं असल..." आता मागे फिरता येईना, म्हणून तिने उरलेलंही सांगून टाकलं. "बोलायचा, पोर चांगली चालवते, म्हनून जास्त जोर लागतो."

आईच्या घरी येऊन मी तिला विचारलं. तिने नाकारलं नाही, मान खाली घातली नाही. भाजी निवडत होती, ती तशीच निवडत राहिली. "मीच सांगलं त्याला. पोरं तुझी बारकी. त्या वाड्याच्या रोडला रोज मानसं जातात कंटेनरखाली. तू माझं ऐकली असतीस? तुला आपल्याच मनानं सोरू दे, बोलली मी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जिती हायेस ना?"

तो रस्ता वाईट आहे, हे मला ठाऊक आहे. त्यांची भीती खोटी नव्हती. पण मामा तोंडावर नाही म्हणाला असता तर मी भांडले असते, कदाचित हरलेही असते. कुणापुढे हरले ते तरी कळलं असतं. त्याने मला माझ्याच पायाविरुद्ध उभं केलं. ऑटोमॅटिक त्याला का नको होती, तेही आता कळलं. ती गाडी ब्रेक दाबून बंद पडत नाही, नुसती थांबते, आणि पायात दोष नसताना गाडी का थांबली, हे मी त्याच दिवशी विचारलं असतं. डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं का? हे विचारायला तो नाही. मला त्याचा राग येतो, रडूही येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो.

मागच्या महिन्यात मी भिवंडीत एका क्लासला नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "मॅन्युअल की ऑटोमॅटिक? हल्ली बायका ऑटोमॅटिकच घेतात." मी मॅन्युअल म्हटलं. गाडीत बसल्यावर त्यांना विनंती केली, "मॅडम, मोकळ्या मैदानात आहोत तोवर पाय वर घेऊन बसाल?" त्यांनी विचित्र नजरेने पाहिलं, पण चपला काढून सीटवर मांडी घातली. मी पहिला गिअर टाकला. क्लच सोडत आणला. गाडी निघाली. मैदानाच्या टोकापर्यंत गेली, वळली, परत आली. दुसऱ्या फेरीला मी घाई केली आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. मी झटकन वाकून त्यांच्या पायांकडे बघितलं. मांडी तशीच होती. या वेळी गाडी मीच बंद पाडली होती, आणि मला इतका आनंद झाला की बाई घाबरल्या.

आता बऱ्यापैकी चालवते. पण शेजारी कुणीही बसलं, नवरा असो की माझा मुलगा, गिअर टाकण्याआधी माझी नजर त्याच्या पायांकडे जाते. तिथे पायाशी काहीच नसतं, हे मला माहीत असतं. तरी बघते.