आईच्या डोक्यावरचा पदर

माझे वडील धाराशिवच्या सरकारी शाळेत चित्रकला शिकवायचे. निजामाचा अंमल होता. शिकवणं उर्दूत चाले, घरी बोलणं मराठीत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हैदराबाद आणि सोलापूरकडच्या आपल्या चित्रकार मित्रांची चित्रं मागवून, त्यांत स्वतःचीही घालून त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. चार माणसं जमायची म्हटलं तरी तेव्हा कचेरीची परवानगी लागे. ती मिळवताना त्यांच्या चपला झिजल्या. पण मिळाली, आणि एक दुपार फक्त बायकांसाठी ठेवायचंही ठरलं.

आई काही जायला तयार नव्हती. "चित्रं काय बघायची? घरात रंग सांडतो तेवढा पुरे झाला," ती म्हणाली. पण शेजारची अक्का, पेठेतल्या लिंगायत व्यापाऱ्याची बायको, तिला ओढतच घेऊन निघाली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. मीही गेले.

दाराला पडदा लावला होता. आत बायकांची ही गर्दी! नळदुर्गचा धबधबा बघून सगळ्या खूश झाल्या. पुढं एका चित्रात निळा घोडा होता, तिथं मात्र भांडणच जुंपलं.

"घोडा कुठं निळा असतोय का?" अक्का म्हणाली.

"सांजच्याला दिसतो की," दुसरी म्हणाली.

त्या हसत होत्या, तेवढ्यात अक्का पुढच्या चित्रापाशी थबकली. चुलीपुढं भाकरी थापणारी एक बाई, पाठमोरी. पदर खांद्यावर घसरलेला, मानेवर उजेड पडलेला.

"अगं, ही तर तू हाईस!" अक्का ओरडली. "ती उतरंड तुझीच, आन् बसणं बी तुझंच!"

आईचा चेहरा लाल झाला. ती चित्राला पाठ लावून उभी राहिली, जणू आता तरी ते कुणाला दिसू नये. पण तीन दिवस गावातले पुरुष ते बघून गेले होते.

तेवढ्यात तालुकदारांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या अधिकाऱ्यांच्या, बेगम तिथं आल्या. वयस्क, मऊ बोलणाऱ्या. त्यांनी आईला हलकेच बाजूला केलं, चित्र बघितलं, मग आईकडं बघितलं.

"ये तुम हो?"

आई गप्पच राहील असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "व्हय. मीच."

"नसीबवाली हो," बेगम म्हणाल्या. "हमकू तो इत्ता ध्यान से कोई नइं देख्या."

संध्याकाळी वडील घरी आले. त्यांच्या कानावर सगळं गेलंच होतं. ते ओसरीवर अवघडून बसले.

"न विचारता काढलं, चुकलंच माझं," ते म्हणाले. "काढून घेऊ का भिंतीवरून?"

"काढू नका," आई म्हणाली. "पदर तेवढा डोक्यावर घ्या."

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या डोक्यावर पदर रंगवला. संध्याकाळी माणसं पांगल्यावर आई आपणहून मला घेऊन हॉलवर गेली. वडील चित्रं उतरवत होते. ती त्या चित्रापुढं बराच वेळ उभी राहिली. एवढ्या निवांतपणे एका जागी उभी असलेली आई मी त्याआधी पाहिली नव्हती.

"आदीचंच बरं होतं," ती शेवटी म्हणाली.

वडील मोठ्यानं हसले. रंग ओलाच होता. त्यांनी टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि पदर हळूहळू पुसून काढला. तो पुरता काही गेला नाही. मानेवर एक फिकट सावली राहिली, आणि मला वाटतं त्या सावलीनंच ते चित्र जास्त खरं झालं.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत आम्हाला घर सोडून हद्दीपलीकडं बार्शीला जावं लागलं. बैलगाडीत फार काही मावणार नव्हतं. वडिलांनी स्वतःची सगळी चित्रं मागं ठेवली. ते एक मात्र आईनं चौकटीतून सोडवून, वाकळेत गुंडाळून आपल्या मांडीवर घेतलं. वाटेत वडिलांनी दोनदा म्हटलं, "दे इकडं, तुझे पाय अवघडले असतील."

तिनं दिलं नाही.