शेराला थांबणारा कीबोर्ड

बुवापाड्यातले दौलतराव तसे हेवेखोर नव्हते. शेजाऱ्याकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा ते आनंदाने रोज जाऊन बघायचे. पण दुसऱ्याच्या बोटांचं कौतुक झालं की त्यांना ते ऐकवायचं नाही. दिवसा आनंदनगरच्या कारखान्यात लेथ आणि संध्याकाळी अंजनीबाईंच्या गायन पार्टीत पेटी, असं वर्षानुवर्षं चाललेलं. पेटीवाल्याची जागा बाईंच्या शेजारी. ब्याण्णव सालच्या भीमजयंतीआधी तीच जागा डळमळली.

उल्हासनगरचा हेमचंद्र तालमीला कीबोर्ड घेऊन आला. बटण दाबलं की ढोलकी, डाव्या हाताने सूर धरला की मागे अख्खा वाद्यवृंद. पार्टी खूश. बाई म्हणाल्या, जयंतीला शेजारी कोण बसणार ते रविवारी ठरवू.

"बटणावर काय, मिक्सरपण वाजतो," दौलतराव म्हणाले.

घरी येऊन मात्र त्यांनी कपाटाच्या दारासाठी आणलेल्या प्लायवूडवर खडूने स्वतःचा कीबोर्ड आखला. त्यात पट्टी चढवायला गिअरसारखा दांडा होता, गाणाऱ्याला खोकला आला तर वेळ मारून न्यायला वेगळं बटण होतं आणि पायाशी शिलाई मशीनसारखी, दाबायची फळी. तिच्यावर लिहिलं होतं, 'शेर'. भीमगीत रंगात आलं की बाई ठेका थांबवून शेर म्हणत आणि शेवटच्या शब्दावर मुखडा पकडत. शेर कधी येणार, हे बाईंनाही आधी ठाऊक नसे.

"आणि कपाटाला काय, पडदा लावू?" त्यांच्या बायकोने, विठाबाईंनी विचारलं. कलावंताने खडूने आणखी एक बटण काढलं.

रविवारी बाईंनी शेर उचलला आणि कीबोर्ड आपला धावतच राहिला. हेमचंद्रचे दोन्ही हात सुरांवर, ठेका बंद-चालू करायचं बटण पार कोपऱ्यात, दौलतरावांच्या बाजूला. शेर ढोलकीखाली चिरडला. दुसऱ्यांदाही तेच. दौलतरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला.

तिसऱ्यांदा बाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. शेराआधी त्या नेहमी तसं करत. आता हाही शेर मरणार, हे दिसत होतं, आणि दौलतरावांचं बोट आपसूक त्या बटणावर गेलं. ठेका थांबला. शेर स्वच्छ उमटला. शेवटच्या शब्दाला त्यांनी पुन्हा बटण दाबलं, ढोलकी नेमकी मुखड्यावर आली. मग ते स्वतःच्या बोटाकडे, फितूर झालेल्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

"दौलतराव, तुम्ही माझ्या शेजारीच," बाई म्हणाल्या. "पेटी मिटा. बटण सांभाळा. हेमचंद्र, तू पलीकडे सरक."

जयंतीला असा कार्यक्रम रंगला की बदलापूरचे एक गृहस्थ उठून मंचापाशी आले. "शेराला बरोब्बर थांबतो हो तुमचा कीबोर्ड. कुठून घेतलात?"

"बुवापाड्यातून," हेमचंद्र दौलतरावांकडे हात करून म्हणाला.

सगळे हसले. दौलतरावही हसले, पण अर्धंच. इतकं झकास वाक्य आपल्याआधी त्या पोराला सुचलं, म्हणून ते घरापर्यंत जळत गेले.