डोकं वर असलेलं बाळ

सत्तरचं दशक सरत आलं होतं. एकोडीच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा होता आणि आमचे विज्ञानाचे सर दरवर्षी तो 'घरी वाचून घ्या' म्हणून उरकायचे. त्या वर्षी विज्ञान प्रदर्शन आमच्याच शाळेत भरलं, तेव्हा गर्भाशयाचा तक्ता त्यांनी माझ्या गळ्यात मारला.

पाठ्यपुस्तकातली आकृती अंगठ्याएवढी, बाळ उलटं टांगल्यासारखं. मला ती मुळीच आवडली नाही. ग्रंथालयाच्या कपाटात शरीरशास्त्राच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात तीन-चारशे वर्षांपूर्वीची युरोपातली चित्रं होती: सुरईसारखं गर्भाशय आणि आत ऐसपैस उभं, डोकं वर केलेलं, कुरळ्या केसांचं गुटगुटीत बाळ. खाली लिहिलं होतं की हे चित्रकार बहुधा एकमेकांचंच बघून काढत, आतलं फारसं कोणी पाहिलेलं नसे. ते वाचूनही मी तेच काढलं. देखणं होतं म्हणून, दुसरं काही कारण नाही.

सरांनी लाजेपायी तक्त्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. गावातल्या बायका मात्र तोंडाला पदर लावून बघून गेल्या. त्यांत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली माझी धाकटी बहीणही होती.

तिला नववा लागला तेव्हा नर्सबाईंनी पोट चाचपून सांगितलं, बाळाचं डोकं वर आहे, भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्या. त्या गेल्यावर बहीण मला म्हणाली, "दादा, तुह्या चित्रात लेकरू असंच आहे ना? मंग मले तिकडं कायले नेता?"

आई माझ्याकडे बघत होती. माझं चित्र चुकलंय, एवढंच सांगायचं होतं. पण सगळ्या गावानं वाखाणलं होतं ते. मी म्हणालो, असंच असतं.

बाळंतपण घरीच झालं, गावच्या सुईणीच्या हातून. पाय आधी आले आणि डोकं अडकलं. मुलगा होता, वाचला नाही.

पंधरवड्यानं सगळं कबूल करायचं ठरवून मी तिच्या खाटेशी बसलो. मला आधी रडूच आलं. तीच म्हणाली, "तू कायले रडून राहिला, दादा? तुह्यं चित्र बराबर होतं. माह्याच पोटात खोट होती."

मला स्वतःची किळस आली, तरी तिला पडून राहायला सांगून मी उठलो. तेच खरं समजून ती सासरी गेली.